डेपोत लावलेली गाडी

रंगरावकाकाचे तेरा दिवस राह्यले होते, अन् आधीचे झालेले सगळे मी घालवले. मुद्दाम नाही, कंटाळ्यात.

माझं दुकान मोताळ्याले आहे, स्टँडच्या मागच्या गल्लीत. पाटीवर 'कौसर कॉम्प्युटर, दुरुस्ती व विक्री' लिहिलेलं आहे, पण दिवसभर मी दुसरंच करून राह्यली असते. कोणाचा पीकविमा, कोणाचं आधार, कोणाच्या झेरॉक्स. सर्व्हर बंद पडला की लोक माझ्याकडे असे पाहतेत, जसा काही तो मीच घरी नेऊन ठेवला. "कौसरबाई, जरा पाहून द्या ना." ह्या 'जरा'चा मले आता वीट आला आहे. जरा जरा करत पंधरा वर्षं गेले अन् माझी कंबर गेली.

रंगरावकाका धामणगाव बढ्याचे, एसटीतले ड्रायव्हर. चोवीस वर्षं दोन महिने गाडी चालवली, अन् त्यायच्या चाकाखाली कोणाची कोंबडी आली नाही. पंचवीस वर्षं विनाअपघात झाले की ड्रायव्हरले छातीवर लावायचा बिल्ला मिळते, डेपोत नवराबायकोले खुर्चीवर बसवून सत्कार करतेत. काकाले दहा महिने कमी होते तेव्हा शुगर डोळ्यात उतरली. तपासणीत दूरचं दिसलं नाही, स्टेअरिंग सुटलं. उरलेली नोकरी त्यायनं डेपोच्या गेटवर काढली, दुसऱ्यायच्या गाड्या येता-जाता वहीत लिहीत. यात चूक कोणाचीच नाही. ज्याले दिसत नाही त्याच्या हाती चाळीस-पन्नास माणसं कोण देईन? पण ते दहा महिने काकाच्या घशात अडकले ते अडकलेच.

रिटायर झाल्यावर घरात बसून बसून माणूस वाळून चालला होता. पोरगी समीक्षा लग्न होऊन नाशिकले गेली, तिचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर तसाच पडून होता. एकदा माहेरी आली तेव्हा तिनं त्यात बस चालवायचा गेम टाकून दिला. बसले लाल रंगही लावून दिला. म्हणाली, बाबा, टाइमपास करा. काकाले टाइमपास कधी जमलाच नाही. त्यायनं ड्युटीच धरली.

दहा महिने म्हणजे तीनशे दिवस. रोज एक फेरी, अन् तीनशे दिवस गाडी कुठं घासायची नाही, कोणाले धक्का द्यायचा नाही. म्हणजे पंचवीस वर्षं पुरे. बिल्ला कोणी देणार नव्हतं हे त्यायले काय माहीत नव्हतं? होतं. तरी रोज सकाळी आंघोळ करून, खाकी शर्ट घालून, उजव्या पायाखाली पाट ठेवून ते बसत. ब्रेक कीबोर्डच्या बटणानं लागे, पण पाय पाटावर दाबल्याशिवाय काकाचं बोट बटणावर जात नसे. गेममधला घाट परदेशातला होता. काका त्याले बुलढाण्याच्या वाटेवरचा राजूर घाटच म्हणत. "दूरचं दिसत नाही कौसरबाई," ते मले एकदा म्हणाले, "पण ह्या पडद्यातलं दूर हातभरावरच असते." त्या हातभरासाठीही एकच डोळा कामाचा उरला होता. बुलढाण्याच्या डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं की त्याचंही वर्षभर धरा, पुढचं सांगता येत नाही.

हे सगळं मले नंतर समजलं. आधी समजलं असतं तर हे लिहायची पाळी आली नसती.

झालं काय, की दिवाळीत समीक्षा आली अन् तिनं तो गेम नवा करून दिला. मायेनं केलं पोरीनं. पण जुन्या कॉम्प्युटरले तो नवा गेम झेपेना. दोन जीबीची रॅम, तिच्यावर कधीचं जुनं विंडोज. ऐन वळणावर चित्र अडकून पडे, अन् सुटे तेव्हा गाडी कठड्याजवळ गेलेली असे. दोनदा थोडक्यात वाचली. काकानं गाडी डेपोत लावली अन् त्या दिवसापासून फेरीच बंद केली. तेरा फेऱ्या उरल्या असताना मशिनीपायी अपघात नको, असा त्यायचा हिशोब.

बाजाराचा दिवस होता. दुकानात पाय ठेवायले जागा नव्हती. काका सीपीयू पोत्यात बांधून धामणगावहून एसटीनं आले, सगळा रस्ता मांडीवर घेऊन.

"ड्रायव्हर नवा पोरगा होता," ते म्हणाले, "त्याले सांगतलं, बापा, ब्रेक हळू मार, मांडीवर नाजूक माल आहे."

मी पोतं सोडलं. झाकण काढलं तर आत कापसाची धूळ, गादीत भरता आली असती इतकी. आमच्याकडचे सगळेच कॉम्प्युटर असे येतेत. मी म्हणलं, "काका, रॅम आठ जीबी करू. पण हे जुनं विंडोज तेवढी रॅम ओळखतच नाही. नवीन मारावं लागते. अन् नवीन मारायचं म्हणजे सी ड्राइव्ह पुसावा लागते."

"पुसा ना मग."

मी रॅमचे पितळी दात खोडरबरानं घासत होती. एका हातानं ते, दुसऱ्या हातानं एका बाईचा फॉर्म, अन् दारातून एक जण सारखा विचारत होता, सर्व्हर आला काय, सर्व्हर आला काय. मी काकाले विचारलं, जसं सगळ्यायले विचारते, "यातलं काही ठेवायचं आहे काय? फोटो, कागद?"

"काही नाही बाई. गाडी डेपोत लावून आलो मी."

मले हसू आलं. वाटलं, ड्रायव्हर माणूस आहे, सगळं आवरून आलो हे असंच बोलत असन. एक प्रश्न अजून विचारला असता, "कोणची गाडी, काका?" एवढाच. पण दारातला तो माणूस आत येऊन उभा राह्यला होता अन् माझं डोकं तडतडत होतं. मी बटण दाबलं. सी ड्राइव्ह पुसला.

काकाचं बोलणं अगदी सरळ होतं. गेममध्ये फेरी संपली की गाडी डेपोत नेऊन लावायची, मग ती तिथंच राहते, दुसऱ्या दिवशी तिथूनच निघते. डेपोत लावलेली गाडी कुठं जाते? चोवीस वर्षांत कधी गेली नव्हती. विंडोज पुसल्यानं डेपोच पुसला जाते, हे त्यायले कोण सांगणार होतं? ते सांगायचं काम माझं होतं. पाटीवर माझं नाव आहे.

संध्याकाळी काकानं सांगतलं म्हणून बसचा गेम मी परत टाकून दिला, अन् ते सीपीयू घेऊन गेले, खूश होऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"कौसरबाई, डेपोत माझी गाडी दिसत नाही."

मले वाटलं वायर ढिली असन. म्हणलं, "काका, मागची निळी वायर घट्ट करा."

"चित्र चांगलं आहे. एकदम साफ आहे. डेपो नवा आहे, त्यात गाड्याही आहेत. माझी नाही." मग म्हणाले, "अन् माझ्या फेऱ्यायच्या जागी शून्य लिहून राह्यलं."

तेव्हा मले उमजलं. त्यायनं फोनवर सगळं सांगतलं, बिल्ल्याचं, दहा महिन्याचं, डोळ्याचं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मले बरं वाटलं असतं. मी पण चार शब्द बोलली असती, भांडण झालं असतं, मोकळं झालं असतं. ते फक्त विचारत होते, "आता कशी आणायची?"

मी शटर अर्धं ओढलं अन् स्कुटी काढली. धामणगावले पोहोचेपर्यंत स्वतःले शिव्या देऊन देऊन तोंड सुकलं. काकाच्या बायकोनं, गीताकाकूनं, पाणी दिलं. मी दुपारपर्यंत त्या मशिनीतून जुनं काढायची खटपट केली. पुसलेलं परत काढायचे सॉफ्टवेअर असतेत, कधी साधते, कधी नाही. समीक्षाचे कॉलेजातले अर्धे-अर्धे फोटो निघाले. गेमची फाईल निघाली, पण ती उघडली तर आत काहीच नाही. मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा काकाच म्हणाले, "राहू द्या बाई. चहा घ्या."

कीबोर्डपुढं काका, बाजूले मी, मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर काकू मेथी निवडत बसलेल्या. पडद्यावर गेम उघडाच होता. खरं सांगते, इतका सुंदर चालत होता की पाहून जीव जळे. कुठं अडकत नव्हता. आठ जीबी रॅम, नवं विंडोज, सगळं काम माझंच, अन् त्यात माणसाचं होतं नव्हतं ते गेलेलं. तिथं काकाचं नाव होतं, अन् पुढं लिहिलं होतं, फेऱ्या शून्य, अपघात शून्य.

मग मले एक सुचलं. ह्या गेमची फाईल साधी असते, उघडून आत आकडा बदलता येते. मले हुरूप आला. "काका, तुमच्या किती झाल्या होत्या?"

"दोनशे सत्त्याऐंशी."

"मग मी दोनशे सत्त्याऐंशी टाकून देते. दोन मिनिटाचं काम आहे. उरलेल्या तेरा तुम्ही करा."

काकानं मान हलवली. "नाही बाई. फेऱ्यायच्या लॉगशीटवर मागून लिहायचं नसते."

"अहो पण तुम्ही केल्या आहेत ना फेऱ्या. खोटं कुठं आहे?"

"मी केल्या. पण लिहून राह्यली तू. तू काय गाडीत होती?" ते रागानं नाही बोलले. त्यायच्या नोकरीत जसं होतं तसं बोलले. "ड्रायव्हरनं म्हणायचं अन् ऑफिसातल्यानं लिहायचं, असं नसते ते. कोणीतरी गाडीत पाहिजे."

"मग काय करता? शून्यापासून?"

"हाव."

"तीनशे दिवस?"

"डोळा टिकला तर."

मले रडू आलं अन् त्याचाच राग आला. हा माणूस ऐकत काऊन नाही? कोण तपासायले येणार आहे इथं? ना डेपो खरा, ना गाडी खरी, ना बिल्ला मिळणार, अन् ह्यायले लॉगशीट पाहिजे. मी हे सगळं मनात म्हणलं. तोंडावर म्हणायची माझी लायकी नव्हती त्या दिवशी. काकानं खाकी शर्टाची बटणं लावली, पाट पायानं पुढं ओढला, बोटं कीबोर्डवर ठेवली. थकले दिसत होते. पडदा पाहायले मान इतकी पुढं काढली की नाक काचेले लागन असं वाटलं.

मागून गीताकाकू म्हणाल्या, "मी होती."

काका वळले नाहीत. "काय?"

"मी होती ना गाडीत. रोज. तुमच्या मागं." हातातली मेथी त्यायनं ताटात ठेवली. "एसटीत होते तेव्हा चोवीस वर्षात कधी बसवलं नाही मले, ड्युटीवर घरचं माणूस नको म्हणत. इथं रोज बसली. सकाळची भाजी मी इथंच निवडली. एक फेरी चुकवली असन तर सांगा."

मी आपली गुपचूप फाईल उघडली. विचारलं, "मग टाकू, काकू? दोनशे सत्त्याऐंशी?"

"नाही," काकू म्हणाल्या. "शहाऐंशी."

"सत्त्याऐंशी," काका म्हणाले.

"शहाऐंशी. पोळ्याच्या दिवशी लाइट गेली. गाडी घाटातच राह्यली होती, खाली उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशी मशिनीनं ती फेरी धरली नाही, तुम्हीच मनातल्या मनात धरली. मी तेव्हा बोलली नाही, म्हणलं जाऊ द्या, सणाचा दिवस आहे."

काकानं कीबोर्डवरून बोटं काढली. मग खुर्ची फिरवून त्यायनं बायकोकडे पाहिलं. चांगला डोळा तिच्याकडे यावा म्हणून मान थोडी तिरपी केली. म्हणाले, "तुले आठवते?"

"मागंच तर बसली होती," काकू म्हणाल्या, अन् पुन्हा मेथी घेतली.

काका परत पडद्याकडे वळले. मले म्हणाले, "शहाऐंशी लिही, बाई. कंडक्टर म्हणते तर शहाऐंशीच."

मी लिहिलं. दोनशे शहाऐंशी. आता चौदा दिवस राह्यले होते.