गळक्या सॅक्सोफोनचे अकरा जोडसूर

गुरुपाद मूळचा कबनूरचा. चौदाव्या वर्षापासून यंत्रमागावर, आणि एक्क्याण्णव साली कोल्हापुरात आण्णांच्या बँडमध्ये सॅक्सोफोनवर. मागांच्या खडखडाटातून सुटून तो वरातींच्या गोंगाटात आला, याला घरच्यांनी प्रगती म्हटलं. वाद्य आण्णांनी तरुणपणी स्वतः वाजवलेलं. चाव्यांच्या झाकणांखालच्या चामडी गाद्या वाळून तडकलेल्या, त्यामुळे वारा नको तिथून निसटायचा. वरातीत ते कुणाला कळत नसे. वरातीत बरंच काही कळत नाही.

शहाण्णवच्या सुमाराला त्याच्या ध्यानात आलं, की काही चाव्या अर्धवट दाबून अलगद फुंकलं की त्या निसटत्या वाऱ्यामुळे एकाच वेळी दोन सूर निघतात. एक खालचा घोगरा, एक वरचा तारेसारखा. असे अकरा जोडसूर त्याने शोधले. मग न फुंकता नुसत्या चाव्या आपटून धरलेला मागाचा ठेका. जीभ फटकारून काढलेला, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाज. गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत, कुठेही न तोडता लांबवलेला वारा. या सगळ्यातून सात वर्षांत त्याने एकट्या सॅक्सोफोनसाठी वीस मिनिटांची रचना बांधली. त्याची बायको दानम्मा पहिल्यांदा ऐकून चुलीपासूनच म्हणाली, "अवो, वाद्याला दमा झालाय व्हय?"

आण्णांनी मात्र ती आपणहून वाजवायला सांगून ऐकली. लकव्यामुळे ते गंगावेशीतल्या खोलीत पडून असत, आणि वरातींत बँडच्या जागी डॉल्बी आल्यापासून गुरुपादलाही सवडच सवड होती. तुकड्यातुकड्याने ऐकून झाल्यावर आण्णा म्हणाले, "गुरप्या, आता सगळं एकदा सलग ऐकव. माझं काय खरं न्हाई." दोन हजार तीनच्या मार्चातला एक सोमवार ठरला.

हे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या पिराजीच्या कानावर गेलं. पिराजीला हा धंदा आण्णांनीच लावून दिलेला. आण्णांपुढे वाजणार आणि वाद्य गळकं? रविवारी गुरुपाद आईला बघायला कबनूरला गेला होता, तेव्हा पिराजीने घरी येऊन सॅक्सोफोन मागितला. दानम्माने आनंदाने दिला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या गाद्या बदलून, स्प्रिंगा ताणून, पितळ उजळून तो परत आणून दिला. उस्तादाच्या वाद्याला मजुरी घ्यायची नाही, असा या मंडळींत रिवाज. पिराजी नारळ तेवढा घेऊन गेला.

सोमवारी सकाळी गुरुपादने पहिला जोडसूर लावून पाहिला. एकच सूर आला, स्वच्छ. दुसराही तसाच. अकराच्या अकरा गेले होते.

दानम्माचा चेहरा उतरला. "सुईनं भोकं पाडा की गाद्यांना."

"कुठनं किती वारा जात हुता, मला तरी कुठं ठावं हाय? आन् पिराजी म्होरं बसणार हाय. त्याच्या देखत त्याचंच काम फाडू?"

पिराजी इस्त्रीचा शर्ट घालून आण्णांच्या उशाशी आधीच बसला होता. "काय, कसा झालाय?"

"लय भारी. मुंगी शिरायची न्हाई."

"मग! नवा घेतलास तरी असा मिळायचा न्हाई."

गुरुपादने सुरुवात केली. चाव्यांचा ठेका झाला, वारा झाला. जोडसुराची जागा आली तेव्हा त्याने तोंडातून वाद्य काढलं, तो सूर जितका टिकायचा तितका वेळ गप्प राहिला आणि पुढे गेला. असं अकरा वेळा. तिसऱ्या वेळी पिराजी पुढे सरकला. "आडकतंय काय रं?"

"न्हाई. हितं असंच हाय."

आण्णांनी एकदा उजळलेल्या पितळाकडे पाहिलं, एकदा पिराजीकडे.

"चांगलं काम केलंस, पिराजी," वाजवून संपल्यावर ते म्हणाले. "जा, तिघांना चहा सांगून ये."

पिराजी जिना उतरल्याची खात्री झाल्यावर त्यांनी विचारलं, "सगळेच गेले?"

"व्हय."

"परत सापडायला किती दिवस?"

"मागच्या टायमाला सात वर्षं लागलीती, आण्णा."

आण्णांनी डोळे मिटले. मग जरा चिडूनच म्हणाले, "मग बसलाईस कशाला नुसता? शोध की."

गुरुपादने वाद्य पुन्हा गळ्यात अडकवलं. चहा येईस्तोवर एकही सापडला नाही.