फुगडीसाठी धरणं

फुगडीला राज्यनृत्याचा मान मिळावा म्हणून आम्ही बायका भोकरदनला तहसीलसमोर धरणं धरून बसलो होतो. राजूरकडची एक बाई रोज सगळ्यांच्या आधी येऊन फलक धरून उभी राहायची. 'फुगडी सगळ्या बायांची', असं त्यावर आम्हीच लिहिलेलं. फुगडी रंगली की तिची पावलं जागच्या जागी ठेका धरत.

"तुम्ही नाही खेळत?" मी विचारलं.

"मालक गेल्यापासून पंचमीला कोनी हात देत न्हाई, ताई. सरकारचा नाच झाला, तर मंग कोन अडवंल?"

शेवटच्या दिवशी फोटोवाला आला. आमच्या अध्यक्षीणबाई ओरडल्या, "चला, सवाष्णी पुढं या!"

ती हलली नाही. फलकाची काठी तिने हातांची फुली करून, फुगडीला धरतात तशी, घट्ट धरली होती.