जावळाचा प्रश्न

माझ्या लेकीला आठवा महिना लागला आणि सोनोग्राफीत बाळाच्या डोक्यात काहीतरी दिसलं. साकळलेलं रक्त असेल नाहीतर गाठ, एमआरआयशिवाय कळणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त असेल तर विरघळायची आशा. गाठ मात्र जन्माआधीच्या बाळात फार क्वचित सापडते म्हणे. आमच्या घराला असले मान बरोबर मिळतात.

रडारड नको म्हणून मी कामं वाटून दिली. जावयाने गाडी काढायची, मी फाइल सांभाळायची, माझ्या सासूबाईंनी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये थांबायचं. सासूबाई सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

एमआरआयच्या दारात टेक्निशियनबाईंनी बजावलं, "लोहे का कुछ भी नहीं।" लेकीने मंगळसूत्र, जोडवी माझ्याकडे दिली, गाऊन घातला. तरी बाईंच्या हातातलं यंत्र तिच्या कमरेशी वाजलं. काळ्या दोऱ्यात लोखंडी छल्ला निघाला. मग वेणीपाशी वाजलं. आत सेफ्टी पिन.

"दृष्ट लागू नये म्हणून," सासूबाई मला म्हणाल्या.

"और कुछ है, माताजी?"

"नहीं, बस इतनाच."

"आजी, हार्डवेअरचं दुकान केलंस माझं!" लेक म्हणाली आणि आत गेली.

गाठच निघाली.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गाठ एका बाजूला आहे, मेंदूतलं पाणी अजून अडलेलं नाही. लहान मुलांचे न्यूरोसर्जन आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलात बाळंतपण करू, मग बाळाची शस्त्रक्रिया. खात्री मात्र कुणी देणार नाही. लेक टेबलाकडे बघत राहिली. मलाही पुढचा प्रश्न सुचेना.

सासूबाईंना सुचला. "डॉक्टरजी, ऑपरेशन में बाल काटोगे?"

"थोड़े काटने पड़ेंगे।"

"म्हणजे जावळच की!" त्या आमच्याकडे वळल्या. "पहिले केस मामाच्या मांडीवर काढायचे असतात. मामा कुठाय?"

मी त्यांना चिमटा काढला. पण लेक हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाली, "डॉक्टर, ऑपरेशन कब तक होगा? मेरे भाई को छुट्टी लेनी पड़ेगी।"

बाहेर येऊन मी पानिपतला मुलाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"रजा काढून ठेव," मी म्हटलं.

"मी येऊन काय करू, आई?"

"काही नाही. मांडी घालून बस."