काचेपलीकडचा मागवाला

केरबा कबनूरचा मागवाला. उभी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळं त्याचं साधं बोलणंही शेजाऱ्यांना भांडण वाटायचं. कारखाना बंद पडला आणि कोल्हापुरात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्याची हंगामी वर्णी लागली. काम आवडलं तर पुढं ठेवणार, नाहीतर पुन्हा दारोदार. आणि नेमणूक कुठं, तर मोठ्या आवाजानंही ज्याचं चित्र हलतं अशा सूक्ष्मदर्शकाच्या खोलीवर! नशिबालाही कधीकधी चेष्टा सुचते.

पहिल्याच आठवड्यात स्नेहल नावाची विद्यार्थिनी आत फोटो घेत असताना पुण्याचे एक संशोधक बुटांसकट शिरू लागले. केरबा गरजला, "ओ पावणं! बूट भाईर काढा की!" पडद्यावर लाटा उठल्या. स्नेहलची सकाळभराची मेहनत पाण्यात गेली.

विभागप्रमुख राजमती मगदूम रागावल्या नाहीत. "केरबामामा, बागेचं काम बघता का?" एवढंच म्हणाल्या. चांगल्या मनानंच म्हणाल्या, पण केरबा धास्तावला. बागेचं काम ठेकेदाराचं, त्याचा काय भरवसा?

त्या दिवसापासून त्यानं तोंडाला कुलूप घातलं. घरीसुद्धा. बायको धोंडुबाई वैतागली, "घशाला काय झालंय व्हय तुमच्या?"

"सवय करतोय," तो पुटपुटला.

हंगामी कामाची मुदत संपायच्या दिवशी वायरमन आला. दुरुस्तीसाठी वीज बंद करायची होती. आत स्नेहल फोटो घेत होती, मगदूम मॅडम शेजारी बसल्या होत्या. अजून किती वेळ, हे विचारायचं कसं? दार उघडावं तर चित्र हलणार, ओरडावं तर नोकरी जाणार. केरबाचे हात आपसूक वर गेले. मागाच्या गोंगाटात कामगार बोलतात तशी त्यानं दाराच्या काचेतून खूण केली: माग थांबवायचाय, किती राहिलं?

स्नेहल बघतच राहिली. मॅडमचे हात मात्र उठले: थोडंच, थांब.

बाहेर आल्यावर त्या हसत म्हणाल्या, "आमचे आबा इचलकरंजीत माग चालवायचे. मी तिथंच मागासाठी सुताच्या कांड्या भरत वाढले."

"मग कवा बोलला न्हाईसा त्ये!"

"तुम्ही बोलायला तोंड उघडलंत कुठं, मामा? स्नेहल, ह्या खुणा शिकून घे. या खोलीला अशीच भाषा पाहिजे."

केरबा सुखावला, पण नोकरीचा विषय निघालाच नाही. विचारायची त्याला छाती होईना. संध्याकाळी त्यानं डबा उचलला. मॅडम काचेआड फोनवर बोलत होत्या.

मागाच्या कारखान्यात एक रीत असते. पाळी सुटताना जॉबर, म्हणजे मुकादम, बदली कामगाराकडं बघून तळहात दोनदा छातीकडं ओढतो. म्हणजे उद्या ये. खूण मिळाली नाही, की माणसानं दुसरं दार शोधायचं.

मॅडमनी फोन कानाला तसाच ठेवला, केरबाकडं पाहिलं आणि तळहात दोनदा छातीकडं ओढला.

केरबाचे डोळे भरून आले. आवाजाची गरजच नव्हती. त्यानं हात छातीवर ठेवून मान हलवली: येतो.