माडाची भिंत, बांगड्याची भिंत

दाजी मांजरेकर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातच व्हायची, पण त्यांनी तशी संधी दिली नाही. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षे झाली असतील. मालवणच्या बाजारात आमच्या साप्ताहिकाचा छापखाना, वाचनालय आणि गावासाठी येऊ घातलेला सार्वजनिक रेडिओ, अशा तिघांना मिळून एकच जागा मिळाली होती. तिघांनाही ती पुरी हवी होती! मुंबईतली आर्किटेक्टची नोकरी सोडून गावी परतलेल्या दाजींकडे मी संपादक या नात्याने आमच्या हक्काच्या भिंती मागायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "भिंत खंय व्हयी ता मगे बघूया. खंय नको, ता आधी सांगा."

भिंत कुठे नको, हे विचारायला मी उठून वाचनालयवाल्यांकडे गेलो.

त्यांनी चिऱ्याचा चौथरा घातला, फणसाचे खांब उभे केले, वर कौले चढवली. आतली एक आणि गल्लीकडची एक, अशा दोन भिंती मात्र केल्या त्या आपल्या दुकानांना असतात तसल्या सुट्या फळ्यांच्या. खाचेत सरकवल्या की भिंत, काढल्या की सभागृह. दिवसा एका अंगाला छपाई, दुसऱ्या अंगाला वाचन. संध्याकाळी रेडिओला, कधी दशावतारालाही सगळी जागा मोकळी. यंत्राचा खडखडाट वाचकांना छळे हे खरे, त्यावर दाजींपाशीही इलाज नव्हता. दारापुढच्या मांडवाला आमच्याकडे माटव म्हणतात. "ही इमारत न्हय, माटव आसा," असे लोक हसत. दाजींना तो टोमणा इतका आवडला की तेही माटवच म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. फळ्या लावायला बाजारातले दुकानदार हौसेने आले. जन्म फळ्या लावण्यात गेलेली माणसे. फळ्यांवरचे आकडे पाहून भराभर सरकवू लागली. पण आकडे दोन्ही भिंतींना एकपासूनच होते! दोन्हींची खिचडी झाली आणि एकही भिंत पुरी होईना. दाजी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी स्वतः रंगाचा डबा घेऊन बसले आणि आतल्या भिंतीच्या फळ्यांवर माड काढला, गल्लीकडच्या फळ्यांवर बांगडा. तीच नावे आजही चालतात.

रेडिओवर समुद्राच्या हवामानाची बातमी लागे, तेव्हा मासळी विकून परतणाऱ्या बायका टोपल्या घेऊन गल्लीत उभ्या राहत. घरची माणसे दर्यावर असत. आम्ही शिष्ट मंडळी आतून "या" म्हणायचो. त्या येत नसत. एका संध्याकाळी दाजींनी बांगड्याची सगळी भिंतच काढून ठेवली आणि पुढच्या म्हाताऱ्या बाईंना विचारले, "काकी, आता सांग, आत खंय नि भायर खंय?"

"तसा आसा तर बसतंय," म्हणत काकींनी टोपली खाली ठेवली. पाठोपाठ सगळ्या बसल्या. तेव्हापासून ती भिंत रोज संध्याकाळी निघते.

दहा-बारा वर्षांत बाजार बदलला. मोटारी वाढल्या, रस्ता रुंद करायचे ठरले आणि इमारतीचे पुढचे दालन त्यात गेले. तोच आमचा छापखाना. दुसरी जागा मिळण्याची आशा नव्हती. साप्ताहिक संपले, असेच मी धरून चाललो. दाजींच्या अंगणात जाऊन नुसता बसून राहिलो. ते म्हणाले, "रस्तो येता तर येवंदे. आपण मागे सरकूया."

मला थट्टा वाटली. पण खांब-तुळया त्यांनी मुळातच खिळे न ठोकता पाचरी मारून जोडल्या होत्या. पाचरी निघाल्या, दालन उतरले आणि मागच्या परसात पुन्हा उभे राहिले. अंक एक दिवस उशिरा निघाला, एवढेच. तो हातात घेऊन मी रडलो, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

यंदा दाजींना साठ वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या नावाचा कोरीव दगड दर्शनी बाजूला बसवावा, असे गौरव समितीने ठरवले. दाजी म्हणाले, "दगड कित्याक? उद्या तो कोणाच्या तरी आड येतलो. फळयेर घाला."

तसे नाव एका फळीवर घातले आहे. त्यांच्याच सांगण्यावरून बांगड्याच्या भिंतीत. तेव्हा दाजी, मासळीवाल्या यायच्या वेळेला आम्ही रोज तुमचे नाव काढून बाजूला ठेवू आणि रेडिओ बंद झाला की परत लावू. फळी वाकडी बसली तर ओरडायला तुम्ही जवळ हवेत. धडधाकट राहा, आणि पुष्कळ वर्षे आमच्यावर ओरडत राहा.