अर्ध्या माळेचे श्वास

रळियातबेन माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पोटाकडे बघते, असं राणपरड्यात सगळे म्हणतात. चौदा वर्षं ती या गावाची आशाबेन, म्हणजे आरोग्यसेविका, आहे. पिशवी खांद्याला लावून ती गल्लीत शिरली की पोरं खेळ थांबवून आपणहून सदरे वर करतात. "माझे मोज ना, मासी." ती मोजते. मिनिट भरलं की हातातला टायमर वाजतो आणि ती आकडा सांगते. आकडा कमी असला तर म्हणते, "नुसती सर्दी. नाक पूस आणि पळ."

आयांना हे पटत नाही. पोर रात्रभर खोकलंय आणि ही म्हणते औषध नको. "ती लाल बाटली तरी दे की," कुणीतरी म्हणतंच. रळियात सांगते, सर्दीला औषध नसतं, ती आठ दिवसांत आपल्या पायांनी जाते. तुम्ही फक्त पोट बघा. बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला की असेल त्या वेळी मला उठवा. हे ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात लसीची तारीख सांगते. नव्या सुनांना ती तुसडी वाटते.

पहिल्या वर्षी तिचं हसं झालं होतं. श्वास आत गेला की एक, बाहेर आला की दोन, असं ती मोजायची. अर्ध्या गावाची पोरं तालुक्याच्या दवाखान्यात पाठवायला निघाली होती. शेवटी नर्सबेननं हात धरून शिकवलं, पोट वर येऊन खाली गेलं की एक. गाव ते विसरलं. तिची सासू झमकूबा मात्र विसरली नाही. "आमची वहू एकाचे दोन करते," असं ती आल्यागेल्याला अजून सांगते.

झमकूबा दुसरी एक गोष्ट कुणाला सांगत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी रळियातची पहिली मुलगी, कंकू, दहा महिन्यांची होती. शीतळा सातमीच्या आदल्या रात्री तिची छाती वाजत होती. त्या रात्री चूल विझलेली हवी, कारण शीतळामा घरोघरी येऊन चुलीच्या गार राखेत लोळते. निखारा राहिला तर ती भाजते, आणि मग घरातलं लेकरू सुरक्षित नाही. रळियातनं सगळे झोपल्यावर दोन शेण्या पेटवल्या, वीट तापवली, फडक्यात गुंडाळून कंकूच्या पाठीशी ठेवली. पहाटे झमकूबानं राखेत हात घातला. राख कोमट होती. तिसऱ्या दिवशी कंकू गेली. "माताजी भाजली," झमकूबा एकदाच म्हणाली. परत म्हणायची गरज पडली नाही. रळियात रडली की नाही ते तिला आठवत नाही. आठव्या दिवशी दूध आटलं, एवढं नीट आठवतं.

यंदा सातम-आठमीच्या सुट्टीला तिचा मुलगा जिग्नेश सुरतेहून आला. तिथं तो हिरे घासतो. येताना नाक वाहत होतं, आणि आल्या आल्या त्यानं आपल्या आठ महिन्यांच्या लेकराचे, हेतचे, गालभर पापे घेतले. दोन दिवसांनी हेतचं नाक चोंदलं. सातमीच्या आदल्या दुपारी, दुसऱ्या दिवशीचे थेपले लाटता लाटता, रळियातनं मोजलं. चव्वेचाळीस. एवढ्या लेकराला पन्नासच्या आत चालतात.

"नुसती सर्दी," ती सुनेला, भाविकाला, म्हणाली. त्याच आवाजात.

सातमीला झमकूबा पाचला उठली. हेतला न्हाऊ घालायला अंगणात गार पाण्याची बादली भरून ठेवली. मग स्वयंपाकघरात गेली. शेगडीला आदल्या दिवशी कुंकू लावून कपाशीची डहाळी ठेवली होती. तिनं सवयीनं बर्नरवर तळवा टेकला.

"शेगडी कुणी पेटवली?"

भाविका हेतला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. "रात्रभर छाती वाजत होती त्याची," ती पुटपुटली, "फडकं शेकायला..."

"मी पेटवली," रळियात म्हणाली.

झमकूबानं तिच्याकडे पाहिलं. "परत?"

रळियात हेतच्या पोटाकडे बघत होती. तिनं त्याला खाटेवर घेतलं, झबलं वर केलं, टायमर दाबला. एकतीसवर आकडा हरवला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा हरवला. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. भीती वाटत होती म्हणावं तर तसंही नाही. आकडे नुसते येत नव्हते.

"भाविका, तू मोज."

"मम्मी, माझं चुकेल. तुम्हीच मोजा."

तिसऱ्या खेपेला जमलं. अठ्ठावन्न. आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा.

"जिग्नेश, एकशे आठला फोन लाव."

"थांब रे," झमकूबा म्हणाली. "आधी आंघोळ, मग माताजीला कुलेरीचा नैवेद्य, मग काय ते. ससणी आहे ही, लेकरांची छाती भरते ती. हिंग लावला की उतरेल. आणि हिचं मोजणं मला माहितीय. एकाचे दोन केले असतील."

जिग्नेश फोन हातात धरून दोघींकडे बघत राहिला.

"मग तुम्ही मोजा, बा," रळियात म्हणाली.

"मला कुठं येतंय विसाच्या पुढं?"

"माळ घ्या. पोट खाली गेलं की एक मणी. हा टायमर वाजला की थांबायचं."

झमकूबानं गळ्यातली तुळशीची माळ काढली. एकशे आठ मणी, आणि मधोमध लाल दोऱ्याची गाठ, अर्धा जप झाल्याची खूण. ती खाटेच्या कडेवर टेकली. तिचा एक हात हेतच्या पोटावर होता, दुसऱ्या हाताचा अंगठा मण्यांवरून सरकत होता. ओठ हलत नव्हते. भाविका अंगठ्याकडे बघत होती. लाल गाठ आली, अंगठ्याखालून गेली, आणि टायमर अजून वाजला नव्हता.

वाजला तेव्हा झमकूबा माळ तशीच धरून बसली.

"अर्धी माळ सरली की," ती म्हणाली.

"बा, चोपन्नच्या पुढं म्हणजे..." रळियात सांगू लागली.

"मला आकडे सांगू नको. घेऊन जा त्याला." मग जिग्नेशला, "लाव की रे फोन, नुसता कानाला खाजवतोय."

तालुक्याला हेतच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "सर्दीचाच विषाणू आहे. मोठ्या माणसाचं नुसतं नाक वाहतं. याच्या छातीतल्या नळ्या काडीएवढ्या, त्या सुजल्यात. वेळेवर आणलंत."

"गार हवेनं झालं का?" भाविकानं विचारलं.

"नाही."

"आणि शेगडीनं?"

डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. "कसली शेगडी?"

सर्दी कुणाची ते जिग्नेशला कळलं होतं. तो तीन दिवस तोंडाला रुमाल बांधून व्हरांड्यात बसून होता. आत ये म्हटलं तरी येईना.

रळियात खाटेजवळच्या स्टुलावर बसून मोजत होती. अठ्ठावन्न. साठ. छप्पन्न. नर्सनं सांगितलं, "मासी, मशीन मोजतंय, तुम्ही झोपा." ती हो म्हणाली आणि मोजत राहिली. एकावन्न. तिसऱ्या दिवशी सकाळी बेचाळीस, खड्डा नाही. नळी काढली. हेत आईला लुचला आणि भाविका त्याच्या डोक्यावर तोंड ठेवून रडली.

"मम्मी, तुम्हाला काहीच कसं होत नाही?"

"लंगोट वाळलेत. घड्या घालून घेते," रळियात म्हणाली.

तेवढ्यात घरून फोन आला. झमकूबानं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"किती?"

"बेचाळीस."

"माळेवर सांग."

"गाठीच्या अलीकडं, बा. बारा मणी अलीकडं."

पलीकडं कुठंतरी मोर ओरडला. मग झमकूबाचा आवाज आला, इतका खाली की रळियातला फोन कानाला दाबावा लागला.

"वहू, कंकूचे किती होते?"

"मोजले नव्हते, बा. कुणाला येतच नव्हतं मोजायला."

"हं."

झमकूबानं फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, म्हातारा, थोडा घरघरता. रळियात मांडीवर लंगोट घेऊन ऐकत राहिली. फोन कट झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मोजत एकोणीसपर्यंत आलो होतो.