शेजारच्या सीटवरचा पाय

लायसन्सच्या परीक्षेत मास्तरांची बायको नापास झाली, ही बातमी ती घरी पोहोचायच्या आधी गल्लीत पोहोचली होती. मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. निम्म्या शहराने त्यांच्या हाताखाली पहिल्यांदा स्टिअरिंग धरलेलं. त्यामुळे कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने विचारलंच, "काय मास्तर, दिव्याखाली अंधार?"

मास्तरीणबाई म्हणाल्या, "अंधार नाही हो, बल्ब उशिरा लावलाय."

उशीर झाला होता खरा. लग्न झाल्याझाल्या त्या म्हणाल्या होत्या, मला शिकवा. मास्तर म्हणाले, मुलं होऊ देत. मुलं झाल्यावर म्हणाले, जरा मोठी होऊ देत. मोठी झाली तोवर बाईंना बसल्याजागी घाम फुटायला लागला, कोणी जरा मोठ्याने बोललं की रडू यायचं. तेव्हा मास्तर म्हणाले, आत्ता तर नकोच. पुढे बाईंनी विचारणंच सोडलं. ही सगळी वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसल्या. आधी बाळ मांडीवर घेऊन, मग मान मागे वळवून दोघा पोरांची भांडणं सोडवत, आणि पोरं पांगल्यावर नुसती पर्स सांभाळत.

मग मास्तरांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. खांदा दुखायचा थांबला, पण हात वर जाईना. स्टिअरिंग आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिकवण्याचं काम त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला आधीच सोपवलं होतं. राहिली दारातली गाडी. मुलाने लगेच फोनवर निकाल लावला, "विकून टाकू. माझ्याकडे एकजण तयार आहे. तुम्हाला कुठे जायचं असलं की मी येईनच ना."

तो कसा येतो ते बाईंना ठाऊक होतं. मागच्या वेळी दवाखान्यात न्यायला येतो म्हणाला आणि डॉक्टर घरी गेल्यावर उगवला.

"विकायची नाही. मी चालवणार," बाई म्हणाल्या.

"आई, या वयात?"

"मग कोणत्या वयात? पुढच्या?"

मुलगा हसला. "बरं. पुढच्या महिनाअखेरपर्यंत लायसन्स काढ, नाहीतर मी त्या माणसाला चावी देतो."

मास्तरांनी विद्यार्थ्याकडून शिकवणीची जुनी गाडी मागून आणली. तिला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. रोज सकाळी दोघं निघायचे. बाईंना वाटलं होतं, रडारड होईल, भांडणं होतील. पण गाडी अशी पळायची आणि अशी अलगद थांबायची की मास्तर घरी येऊन स्वतःच चहा टाकायचे. "तुला मी तेव्हाच शिकवायला हवं होतं गं," असंसुद्धा एकदा बोलून गेले. बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आत जाऊन आरशासमोर उगाचच केस नीट केले.

परीक्षेला मात्र घरची गाडी न्यावी लागली. चढ झाला, आठचा आकडा झाला. मग शेजारी बसलेले साहेब म्हणाले, "आजी, त्या पांढऱ्या रेघेला थांबवा." बाईंनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी थांबायची वाट पाहत बसल्या. गाडी रेघ ओलांडून पलीकडच्या जुन्या टायरांच्या ढिगाला जाऊन टेकली.

घरी आल्यावर मास्तर तडकले. "ब्रेक का नाही दाबलास?"

"दाबला. रोज दाबते तेवढाच."

"तेवढ्याने कसं होईल?"

"रोज कसं होतं मग?"

दोघं तशीच उठून शिकवणीच्या गाडीत बसली. मोकळ्या मैदानावर बाई म्हणाल्या, "आता पाय वर घ्या."

मास्तरांनी बूट काढले आणि सीटवर मांडी घातली. बाईंनी नेहमीसारखा हलकेच ब्रेक लावला. गाडी निवांत चालतच राहिली.

"अहो! म्हणजे महिनाभर गाडी तुम्ही थांबवत होतात!"

"मी?" मास्तरांनी स्वतःच्या पायाकडे एखाद्या चोराकडे बघावं तसं पाहिलं. "अगं, जन्मभराची सवय आहे त्याला. मला विचारून दाबतो का तो?"

बाईंना आधी संताप आला, मग इतकं हसू फुटलं की गाडी बंद पडली. "लग्न झाल्यापासून हेच चाललंय. मी थांबायच्या आधी तुम्ही थांबवता!"

हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून घरची गाडी. आणि तुम्ही मागे बसायचं."

आपल्याच गाडीत मागे बसायची मास्तरांची ती पहिली वेळ. "इथून काही दिसत नाही गं. नुसता तुझा अंबाडा दिसतो."

"मग तोच बघा. इतक्या वर्षांत कधी बघितलात?"

पहिल्या दिवशी ब्रेक इतक्या जोरात लागला की मास्तरांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. दुसऱ्या दिवशी मागून दोनदा "अगं अगं!" आलं. मग मागचा आवाज कमी होत गेला. एका सकाळी सिग्नलला गाडी लोण्यासारखी थांबली. मागून काहीच आलं नाही म्हणून बाईंनी आरशात पाहिलं. मास्तर खिडकीची काच खाली करून वाऱ्याला तोंड देऊन बसले होते. बाईंना वाटलं, हॉर्न वाजवत सगळ्या शहरातून एक फेरी मारावी!

महिना संपता संपता पुन्हा परीक्षा आली. साहेब तेच. "आजी, परत?"

"साहेब, आजी म्हणा नाहीतर पणजी म्हणा, आज मी रेघेच्या अलीकडे थांबणार."

आणि थांबल्या. साहेबांनी खाली उतरून रेघ आणि चाक यांमधली जागा वाकून पाहिली. "पास," म्हणाले. बाईंच्या तोंडून अशी आरोळी निघाली की रांगेतल्या कॉलेजच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा चावी न्यायला आला. गाडी घेणारा माणूस मुलाच्या घरी वाट पाहत होता.

"चावी माझ्या पर्समध्ये आहे," बाई म्हणाल्या. "चल, तुला घरापर्यंत सोडते. त्या माणसाला गाडी तोंडदेखली दाखव आणि चहा पाजून पाठवून दे."

मुलगा शेजारी बसला. मास्तर न सांगता मागे बसले. मोठ्या रस्त्याला लागल्यावर समोरून बस आली तसं मुलाने दाराचं हँडल घट्ट धरलं आणि पाय खालच्या मॅटवर गच्च रोवला.

मागून मास्तरांचा आवाज आला, "पाय वर घे रे. गाडी ती थांबवते."